खोकल्यासकट पाठ

मी नववी दोनदा नापास. पहिल्यांदा गणितात, दुसऱ्यांदा सगळ्यातच. त्यामुळं मी न्यूझीलंडला संगीत शिकायला होतो असं सांगितलं की गावाकडची माणसं आधी हसतात आणि मग विचारतात, "पण तुला नेलं कुणी?"

बायकोनं नेलं. ती नर्स. मिरजेला शिकली, मुंबईत नोकरी केली, आणि तिकडं नर्सांची मागणी निघाली तेव्हा पामर्स्टन नॉर्थच्या हॉस्पिटलात लागली. तिच्या व्हिसावर मी. फॉर्मात माझ्या नावापुढं 'डिपेन्डंट' असं लिहिलेलं होतं. मी विचारलं, याचा अर्थ काय. ती म्हणाली, बायकोवर अवलंबून असलेला. म्हटलं, एवढ्या लांबून त्यांना कसं कळलं.

त्याआधी वीस वर्षं मी मामाच्या बँडपथकात ट्रम्पेट वाजवायचो. लग्नं, वराती, गणपती, एकदा तर बँकेच्या नव्या शाखेचं उद्घाटन. आमच्या धंद्यात कागद एकच, लग्नाची पत्रिका, आणि ती पण पत्ता बघायला. नवं गाणं आलं की मामा सकाळी टेम्पोत कॅसेट लावायचा. एकदा ऐकायचं. दुसऱ्यांदा लावा म्हणणारा माणूस मामाला चालायचा नाही. संध्याकाळी तेच गाणं घोड्यापुढं वाजवायचं. माझं डोकं शाळेत चाललं नाही, पण कान असा होता की एकदा आत गेलेलं बाहेर निघायचं नाही. नको ते पण.

पामर्स्टन नॉर्थ म्हणजे सपाट गाव. वारा इतका की सायकल उलटी चालवावी लागते असं वाटायचं. बायको सकाळी ड्यूटीला गेली की घरात मी आणि ट्रम्पेट. तिसऱ्या दिवशी शेजारचा गडी जँडल्स, म्हणजे तिकडच्या रबरी चपला, फटफटवत दाराशी आला. हसून 'किया ओरा' म्हणाला, म्हणजे तिकडचा नमस्कार, हवापाण्याचं बोलला, आणि जाता जाता म्हणाला, "तुझी ट्रम्पेट हीप्स मोठी आहे, मेट." हीप्स म्हणजे खूप, एवढं मला कळलं, वाटलं कौतुक करतोय. मी आभार मानले आणि त्याला आणखी एक गाणं ऐकवलं. मग घरमालकाचं पत्र आलं.

पत्र वाचून बायकोनं मला एका छोट्या संगीतशाळेत नेलं. एका जुन्या हॉलच्या मागच्या दोन खोल्या. एका वर्षाचा कोर्स, शेवटी परीक्षा आणि सर्टिफिकेट. दहावीची मार्कलिस्ट मागत नव्हते, फक्त वाजवून दाखवायचं होतं. मी वरातीतलं एक ठेवणीतलं काढून वाजवलं. तिथल्या बाई साठीच्या होत्या, उंच, पांढरे केस मानेपर्यंत कापलेले. त्यांनी चष्मा काढला.

"कुठं शिकलात?"

"रस्त्यावर," मी म्हणालो.

"नोटेशन वाचता येतं ना?"

त्या दिवसांत मला कुणी इंग्रजीत काहीही विचारलं तरी मी यस म्हणायचो. नो म्हटलं की पुढं कारण सांगावं लागतं, आणि तेवढं इंग्रजी माझ्याकडं नव्हतं. यस म्हटलं.

बाहेर आल्यावर बायको म्हणाली, "अहो, तुम्हाला कुठं वाचता येतं?"

"दोन आठवड्यांत शिकेन."

"नववीलासुद्धा हेच म्हणाला असणार तुम्ही."

फेब्रुवारीत वर्ग सुरू झाला. आम्ही चौदा जण, सोळा वर्षांच्या पोरींपासून सत्तरीच्या माणसापर्यंत. हा सत्तरीचा माणूस माझ्या शेजारी, पहिला ट्रम्पेट. आयुष्यभर गाई पाळलेल्या, आता गोठा मुलाकडं दिलेला. अंगाला कायम गवताचा वास. मी दुसरा ट्रम्पेट. बाईंनी कागद वाटले. पाच पाच रेघा, उभ्या रेघा मारून त्यांचे कप्पे केलेले, आणि त्यात मुंग्या झाल्यासारखे ठिपके.

बाईंनी छडी हलवली. व्हायोलिनवाल्या पोरी सुरू झाल्या. म्हातारा ट्रम्पेट मांडीवर ठेवून समोर बघत बसलेला. मी वाट बघितली. आणखी बघितली. आमच्या पथकात ट्रम्पेट मांडीवर गेली की मामाची काठी पोटरीवर यायची. वाजवणारा थांबला की नाचणारा थांबतो, आणि नाचणारा थांबला की नवरदेवाचा मेव्हणा येऊन कॉलर धरतो. मला वाटलं, म्हाताऱ्याला डुलकी लागली. बिचाऱ्याची पहिल्याच दिवशी अब्रू जाईल. म्हणून त्याच्या वाटणीचं पण मीच सांभाळायचं ठरवलं. पोरींची चाल उचलली, वर दोन हरकती टाकल्या आणि वरातीच्या आवाजात सोडून दिली.

पोरी थांबल्या. बाई थांबल्या. म्हातारा तेवढा जागच्या जागी होता, कारण तो झोपला नव्हताच.

बाई माझ्याजवळ आल्या. "तुमच्या कागदावर इथं काय लिहिलंय?"

मी वाकून बघितलं. त्या कप्प्यांत एकही मुंगी नव्हती. "काहीच नाही."

"बरोबर. तेच वाजवायचं."

काहीच नाही वाजवायचं हे मला कुणी कधी शिकवलं नव्हतं. मग मी एक युक्ती काढली. म्हाताऱ्यानं ट्रम्पेट तोंडाला लावली की मी लावायची, त्यानं मांडीवर ठेवली की मी ठेवायची. त्यानं पान उलटलं की मी उलटायचं. एकदा त्यानं चुकून दोन पानं उलटली, तर मी पण दोन उलटली. नंतर त्यानं एक मागं घेतलं, मी पण घेतलं.

पण दोघांचे कागद वेगळे असायचे, म्हणजे माझी चाल कळायला कुणीतरी ती आधी वाजवून दाखवायला हवी. मंगळवारी मी सायकल घेऊन म्हाताऱ्याच्या फार्मवर जायला लागलो. बायकोनं केलेली लसणाची चटणी बरोबर न्यायचो. कागद त्याच्यापुढं धरून म्हणायचो, "तुमच्या ट्रम्पेटमधून हे कसं येतं ते ऐकायचंय." म्हातारा खूश. त्याच्या म्हातारीनं त्याला पस्तीस वर्षांपूर्वीच ट्रम्पेटसकट गोठ्यात पाठवलेलं होतं, त्यामुळं त्याचं वाजवणं मन लावून ऐकणारा मी पहिलाच माणूस. तो माझा कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवायचा. मी एकदा ऐकायचो. झालं काम. मग दोघं मिळून वाजवायचो आणि कुंपणापलीकडं गाई ओळीनं येऊन उभ्या राहायच्या. खरं सांगतो, एवढा शांत प्रेक्षक मला वरातीत कधी मिळाला नाही.

असे पाच महिने गेले. शाळेत बाई म्हणायला लागल्या की हा विद्यार्थी कागद फार लवकर बसवतो. मी मान खाली घालायचो. लोकांना तो विनय वाटायचा.

दरम्यान बायकोनं हॉस्पिटलात सगळ्यांना सांगून टाकलं होतं. "माय हजबंड इज स्टडीइंग म्युझिक." माझ्याबद्दल 'शिकतोय' हा शब्द कुणी वापरल्याचं मी आयुष्यात प्रथमच ऐकत होतो. आजवर 'वाजवतो' म्हणायचे, आणि ते पण लाज वाटल्यासारखं. सासऱ्यांनी तर लग्नाच्या वेळी पाहुण्यांना, मुलगा कलाक्षेत्रात आहे, असं सांगून विषय बदलला होता. आता ती फोनकार्ड घेऊन त्यांना सांगायची, "नोव्हेंबरात यांची परीक्षा. सर्टिफिकेट मिळणार." तिला दुसरं काही नको होतं. माझ्या नावाचा एक कागद, ज्यावर पास लिहिलंय. तिच्याकडं तिच्या कागदांची जाडजूड फाईल होती. माझी फाईल तिनं नवीन आणून ठेवली होती, तिच्यात फक्त लसीकरणाचा दाखला.

गावात मराठी घरं पाच-सहा. गुढीपाडव्याला सगळे एका डॉक्टरांच्या घरी जमले, प्रत्येकानं एकेक पदार्थ आणलेला. डॉक्टरीणबाई पुण्याच्या. त्यांनी पुरणपोळी वाढता वाढता विचारलं, "म्हणजे वेस्टर्न क्लासिकल का? आमची लेक पियानोच्या तिसऱ्या ग्रेडला आहे. तुमची कितवी?"

मी खरं सांगितलं. "नववी."

डॉक्टरीणबाईंचा हात पोळीवर थांबला. "ग्रेड तर आठच असतात ना? त्याच्या पुढं पण असते?"

"मला तरी दोन वर्षं लागली," मी म्हणालो.

बायकोनं टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. त्या दिवसापासून मी त्या पाच-सहा घरांत फार मोठा कलावंत झालो. आता तर सर्टिफिकेट न मिळवून चालणारच नव्हतं.

ऑगस्टात गाई व्यायला लागल्या आणि म्हातारा मुलाच्या मदतीला गोठ्यात अडकला. एका सोमवारी त्याची खुर्ची रिकामी. त्या आठवड्याचा तुकडा त्यानं मला आधीच्या मंगळवारी ऐकवलेला होता, त्यामुळं मला काही भीती नव्हती. बाई म्हणाल्या, आज दुसऱ्या ट्रम्पेटचा भाग एकट्यानं ऐकू. मी ताठ बसलो, डोळे कागदावर लावले आणि वाजवलं. मधे एके ठिकाणी थबकलो, परत धरलं, शेवटपर्यंत नेलं. मला वाटलं झकास झालं.

बाई म्हणाल्या, "पुन्हा."

पुन्हा वाजवलं.

"तिसऱ्या ओळीत तुम्ही मधेच थांबता. दोन्ही वेळा तिथंच. कागदावर तिथं थांबा नाही."

मी कागदाकडं असं बघितलं की जणू त्यानंच फसवलंय.

"आणि त्याच्यानंतरचा स्वर चुकीचा. तो पण दोन्ही वेळा. ही चूक मी चांगली ओळखते. ती तुमची नाही. तिथं आपले गाईवाले मित्र खोकतात, आणि खोकल्यावर त्यांचं बोट चुकतं."

व्हायोलिनवाल्या पोरींनी वह्यांत तोंडं घातली. मी खोकल्यासकट पाठ केलं होतं.

बाईंनी एक नवा कागद माझ्यापुढं ठेवला. "हे वाजवा."

मी बघितलं. मुंग्या. "चष्मा विसरलो," म्हणालो.

"तुम्हाला चष्मा नाही."

"म्हणून तर विसरतो."

त्या हसल्या नाहीत. वर्ग सुटल्यावर त्यांनी मला थांबवलं. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं, ओरडून घ्यायची मला सवय आहे. त्या सावकाश बोलल्या, मला समजेल असं. कान मी देऊ शकत नाही, तो तुमच्याकडं आहे. पण नोव्हेंबरात बाहेरचे परीक्षक येतील. न बघितलेला कागद समोर ठेवतील. आठ ओळी. तो वाचता आला नाही तर सर्टिफिकेट नाही, मग बाकी कितीही चांगलं वाजवा.

तो नवा कागद घेऊन घरी आलो. बायको ड्यूटीवरून येऊन भाजी चिरत होती. मी सगळं सांगितलं. चष्म्याचं पण सांगितलं, वाटलं त्यावर हसेल. ती चिरत राहिली.

"म्हणजे पाच महिने तुम्ही बाईंना फसवलंत."

"फसवलं नाही. वाजवलं तर होतं."

"आणि मला."

मी भाजीची सालं गोळा करायला लागलो.

भाजी चिरून झाल्यावर तिनं हात पुसले. "आणा इकडं तो कागद. बघू काय एवढं अवघड आहे."

तिनं कागद डायनिंग टेबलावर ठेवला, उलटासुलटा करून बघितला, मला प्रश्न विचारले. जाड ठिपका किती वेळ, पोकळ ठिपका किती वेळ. मला जे वर्गात ऐकून माहीत होतं ते सांगितलं. मग म्हणाली, "अहो, हा तर तापाचा तक्ता आहे."

हॉस्पिटलात पेशंटच्या पायाशी अडकवलेला असतो ना, तो. रेघा आखलेल्या, वेळेवेळेला ताप बघून ठिपका द्यायचा. ठिपका वर गेला की ताप चढला, खाली आला की उतरला. "डावीकडून उजवीकडं वेळ जातो. वर-खाली ताप. यात न समजण्यासारखं काय आहे? आमच्या पहिल्या वर्षाच्या पोरींना एका दिवसात येतं."

नववीतल्या मास्तरांनी मला असं सांगितलं असतं तर मी आज कुठल्या कुठं असतो. कदाचित नर्स असतो.

दुसऱ्या दिवसापासून आमचा वर्ग सुरू. ती ड्यूटीवरून आली की बूट काढायची, चहा घ्यायची आणि टेबलाशी बसायची. पेन्सिलीनं ठिपक्यावर टोक ठेवायची. "ताप किती? बोटं कुठली?" मी ट्रम्पेटची बटणं हवेत दाबून दाखवायचो. चुकलं की ती शांतपणे म्हणायची, "पेशंट गेला. पुढचा." पहिल्या महिन्यात मी शे-दीडशे पेशंट घालवले. सप्टेंबर संपता संपता काही जगायला लागले. फक्त फार हळू. एका ओळीला मला जेवढा वेळ लागायचा तेवढ्यात मामाच्या पथकानं अर्धी वरात पोचवली असती.

सगळ्यात वाईट ते रिकामे कप्पे. तिथं मला बसवायचंच नाही. त्यावर तिनं माझी दोन बोटं माझ्याच मनगटावर ठेवली. "नाडी मोजा. चार ठोके, एक कप्पा. मोजताना माणूस दुसरं काही करू शकत नाही."

"आणि घाबरलो तर नाडी पळेल."

"मग दोन ठोक्यांना एक धरा. तेवढं तरी येईल ना गणित?"

पहिल्यांदा मी ज्या विषयात नापास झालो होतो तो तिनं बरोबर काढला.

परीक्षेच्या दिवशी परीक्षक आले. गोरेघारे, बुटके, स्वेटर घातलेले, बरोबर बिस्किटाचा डबा. स्वभावानं गोड माणूस, म्हणून मी जास्तच घाबरलो. तयारीचे दोन तुकडे मी वाजवले. ते खोकल्याशिवाय झाले. मग त्यांनी आठ ओळींचा कागद पुढं सरकवला. साथीला पियानोवर आमच्या बाई. "अर्धं मिनिट बघून घ्या, मग सुरू करा. स्वीट ॲज?" म्हणजे ठीक ना.

मी पहिला ठिपका बघितला. ताप साधारण. दुसरा चढला. तिसरा आणखी चढला. सुरू केलं. एकेक ठिपका मी असा उचलत होतो की जणू पाण्याखालच्या दगडावर पाय ठेवतोय. बाई पियानोवर माझ्यासाठी थांबत थांबत येत होत्या. चौथ्या ओळीत पेशंट एकदम वर गेला, माझा ओठ थरथरला, पण स्वर सापडला. आणि पाचव्या ओळीत रिकामे कप्पे आले. सहा.

ट्रम्पेट मांडीवर घेतली. मनगट धरलं. नाडी घोड्यासारखी पळत होती. पियानो एकटाच वाजत होता आणि इतकी गोड चाल होती ती की वर एक लहानशी हरकत टाकली असती तर सोनं झालं असतं. बोटं शिवशिवायला लागली. मी मनगट आणखी घट्ट धरलं. दोन ठोक्यांना एक. दोन ठोक्यांना एक.

परीक्षक काळजीनं पुढं वाकले. "तुम्हाला बरं वाटतंय ना? पाणी हवंय?"

मी मान हलवली. बोललो असतो तर आकडा गेला असता. चौथा कप्पा. पाचवा. सहावा भरला आणि मी ट्रम्पेट उचलली. बाईंचा हात आणि माझा स्वर एकदम पडला. उरलेल्या तीन ओळी मी कशा वाजवल्या ते आठवत नाही. जो कान काही विसरत नाही म्हणून मी मिरवायचो, त्या कानात त्या तीन ओळींचं काही राहिलेलं नाही. डोळे वाचत होते, कान बहुतेक बाहेर जाऊन बसला होता.

तीन आठवड्यांनी पाकीट आलं. मी ते फोडलं, पण आतलं इंग्रजी वळणदार होतं आणि मला धीर नव्हता. सायकल काढली आणि समोरच्या वाऱ्यात हॉस्पिटल गाठलं. बायको वॉर्डात एका आजोबांच्या पायाचं ड्रेसिंग करत होती. मला दारात बघून म्हणाली, "काय झालं? गॅस चालू राहिला का?"

मी पाकीट दाखवलं. तिनं आधी पट्टी पुरती बांधली, चिकटपट्टी लावली, ग्लोव्हज काढले. मग कागद घेतला. तिचा चेहरा वाचायला मला कुणी शिकवलेलं नव्हतं.

"पास," ती म्हणाली. "काठावर."

"काय लिहिलंय?"

तिनं मराठीत करून सांगितलं. "स्वर बरोबर. विराम उत्तम. मात्र हा तुकडा नाचाचा होता, हे विद्यार्थ्याच्या लक्षात आलेलं दिसत नाही."

वीस वर्षं मी लोकांना नाचवलं. काकांना, मेव्हण्यांना, एकदा एका फौजदाराला. आणि आयुष्यात पहिल्यांदा कागद बघून नाच वाजवला तर तो मयतासारखा निघाला. मी तिला म्हणालो, हे मामाला कळवायचं नाही.

पलंगावरच्या आजोबांनी विचारलं, काय भानगड आहे. तिनं सांगितलं. "गुड ऑन यू, मेट," म्हणून त्यांनी माझा हात हलवला. मग ती कागद घेऊन शेजारच्या नर्सकडं गेली. तिथून दोघी तिसरीकडं गेल्या. मी मागं मागं गेलो, तर कागद पुढच्या वॉर्डात पोचलेला. एक डॉक्टर तो उभ्याउभ्या वाचत होता, आणि बायको शेजारी हात मागं बांधून उभी, बदलीच्या ऑर्डरीवर सही घ्यायला उभं राहावं तशी. त्या दिवशी तिची ड्यूटी तीनला संपायची होती. मी कॉरिडॉरच्या बाकावर बसून राहिलो. तो कागद दोनदा माझ्यासमोरून गेला, एकदा ट्रेमध्ये, एकदा तिच्या युनिफॉर्मच्या खिशातून डोकावत.

तीन वाजता ती आली. मी म्हणालो, "मला पण बघू दे की जरा. माझाच आहे."

तिनं खिशातून कागद काढला, माझ्या सायकलच्या ग्रीसनं काळ्या झालेल्या हातांकडं बघितलं आणि कागद परत खिशात ठेवला.

"आधी हात धुऊन या."